इंटरनेटचा फोन घेताय? आधी डायल टोन कोण देणार ते विचारा

कोल्हापुरात गुजरीतल्या सराफाच्या बिलबुकावर, मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीवर, शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या वर्कशॉपच्या पाटीवर अजूनही ०२३१ ने सुरू होणारा नंबर दिसतो. जुनं गिऱ्हाईक आजही त्याच नंबरवर फोन करतं, त्यामुळे तो सोडवत नाही. मधल्या काळात तांब्याची तार जाऊन फायबर आलं आणि लँडलाईनचा आवाज इंटरनेटच्याच वाटेने यायला लागला. मग माणूस दुकानात जाऊन "इंटरनेटवर चालणारा फोन दाखवा" म्हणतो. दुकानदार स्क्रीनवाला आयपी फोन काढून देतो. घरी आणून वायर जोडली की स्क्रीन उजळते, तारीख-वेळही दिसते, पण रिसीव्हर उचलला की टोन नाही. फोन बिघडलेला नसतो. त्याला टोन देणारं कुणी नसतं.

म्हणून कुठला फोन चांगला हा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न, डायल टोन कोण देणार? त्याचं उत्तर मिळालं की काय विकत घ्यायचं ते आपोआप ठरतं. बऱ्याच घरांत तर साधा तारेचा फोन सोडून काहीच घ्यावं लागत नाही.

जुन्या लँडलाईनमध्ये सगळी अक्कल एक्स्चेंजमध्ये होती. तारेतून ४८ व्होल्टची वीज यायची, त्याच तारेतून टोन, रिंग आणि आवाज. घरातला फोन म्हणजे माईक, स्पीकर आणि बटणं. इंटरनेट फोनमध्ये आवाजाचे बारीक तुकडे करून ते पाकिटांतून पाठवतात. एका पाकिटात साधारण २० मिलिसेकंदांचा आवाज, म्हणजे सेकंदाला ५० पाकिटं जाणार आणि तेवढीच येणार. कुणाचा कॉल कुणाकडे जोडायचा हे ठरवण्याची जी पद्धत जगभर चालते तिला सिप म्हणतात. तिचे आज वापरात असलेले मूळ नियम २००२ सालचे. सिपवर चालणारा फोन सुरू झाला की आधी सेवा देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरकडे जाऊन "मी इथे आहे" अशी नोंद करतो. या नोंदीला तीन गोष्टी लागतात: सर्व्हरचा पत्ता, युजरनेम आणि पासवर्ड. कंपनी या तीन गोष्टी तुमच्या हातात देणार असेल तरच स्वतःचा आयपी फोन किंवा साधा फोन इंटरनेटशी जोडणारा अडॅप्टर विकत घेण्यात अर्थ आहे.

फायबरच्या डब्याची मागची बाजू बघा

घरात फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरचा किंवा टेबलावरचा तो डबा उलटा करून बघा. लॅनची चार रुंद सॉकेटं दिसतील आणि त्यांच्या बाजूला एक-दोन अरुंद सॉकेटं असतील. त्यांवर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' लिहिलेलं असतं. बीएसएनएल, जिओ, एअरटेल या सगळ्यांच्या फायबरमध्ये व्हॉइसची सोय याच सॉकेटमधून मिळते. सिपचं सगळं काम डब्याच्या आत होतं. नोंदणीचा पासवर्ड कंपनीच आत भरून ठेवते आणि सहसा गिऱ्हाइकाला देत नाही. त्यामुळे अशा कनेक्शनवर वेगळा आयपी फोन आणून काही साधत नाही. हजार रुपयांच्या आतला साधा तारेचा फोन त्या अरुंद सॉकेटात लावायचा आणि कंपनीकडून व्हॉइस सुरू करून घ्यायचं, एवढंच काम.

इथे नेहमी होणारी एक चूक आहे. फोनची बारीक पिन लॅनच्या रुंद सॉकेटातही जाते, आणि खट् करून अडकल्यासारखीही वाटते. टोन मात्र येत नाही. वरून त्या सॉकेटाच्या कडेच्या पट्ट्या वाकायची भीती असते, मग तिथे लॅनची वायरही नीट बसत नाही. पिन योग्य सॉकेटात असेल आणि व्हॉइस सुरू असेल, तर डब्यावरचा फोनचा दिवा स्थिर लागतो. दिवाच लागत नसेल तर नोंदणी झालेली नाही. ते काम कंपनीचं आहे, फोन बदलून सुटणार नाही.

डब्याला फोनचं सॉकेटच नसेल तर तो फक्त इंटरनेटचा साधा डबा आहे. बाजारातून काही आणण्याआधी कंपनीकडे व्हॉइसवाला डबा मागा.

मंगळवार पेठ, शिवाजी पेठ भागातल्या जाड भिंतींच्या जुन्या घरांत अडचण वेगळीच असते: नंबर मोबाईलचाच हवा असतो, पण आतल्या खोलीत रेंज येत नाही. त्यासाठी कुठलंही यंत्र नको. मोबाईलच्या सेटिंगमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू करा. आपल्याकडे ही सोय २०१९ च्या अखेरीपासून सुरू झाली. कॉल घरच्या वाय-फायवरून जातो, नंबर तोच राहतो.

दुकानात टेबलावर रिसीव्हरवाला फोन हवा पण नंबर मोबाईलचा चालणार असेल, तर सिम घालायचा टेबल फोन मिळतो. खोक्यावर ४जी आणि व्होल्टी लिहिलेलं आहे ना, ते बघूनच घ्या. स्वस्तातले बरेच सेट फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. त्यात जिओचं सिम घातलं तर फोन सिग्नल शोधतच बसतो.

अडॅप्टर घ्यायचा तर 'एस' की 'ओ' हे आधी वाचा

एखाद्या परवानाधारक सिप कंपनीकडून नंबर घेतला असेल, त्या तीन गोष्टी हातात असतील आणि घरातला जुना फोनच वापरायचा असेल, तर एटीए नावाचा छोटा अडॅप्टर लागतो. एका बाजूने राउटरची लॅन वायर, दुसऱ्या बाजूने फोनची वायर. तो फोनला टोन देतो, रिंगची वीज देतो आणि आवाजाची पाकिटं करतो.

या अडॅप्टरच्या खरेदीत सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते एका अक्षरामुळे. सॉकेट दोन प्रकारचं असतं, एफएक्सएस आणि एफएक्सओ. एफएक्सएस फोनला टोन देतं. एफएक्सओ एक्स्चेंजच्या लाईनकडून टोन घेतं. फोन लावायचा असेल तर एफएक्सएसच हवं. यंत्रावर पहिल्याला बहुधा 'फोन' आणि दुसऱ्याला 'लाईन' छापलेलं असतं. दोन्हींचा आकार अगदी सारखा, त्यामुळे डोळ्यांनी फरक कळत नाही. ग्रँडस्ट्रीमचं उदाहरण घेतलं तर एचटी ८०१ मध्ये एक एफएक्सएस आहे, एचटी ८०२ मध्ये दोन, आणि एचटी ८१३ मध्ये एक एफएक्सएस व एक एफएक्सओ. एका साध्या फोनला पहिला पुरतो. जुनी तांब्याची लाईन अजून चालू असेल आणि तीही त्याच यंत्रात घ्यायची असेल तरच तिसऱ्याकडे जा.

वापरलेला अडॅप्टर स्वस्तात मिळत असेल तर एकच गोष्ट विचारा, लॉक आहे का? अमेरिकेतल्या फोन कंपन्या गिऱ्हाइकांना देतात ते अडॅप्टर बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या सर्व्हरला बांधलेले असतात. सेटिंगचं पान उघडून सिप सर्व्हरचा रकाना स्वतः भरता आला तरच तो घ्यावा. नातेवाइकांनी तिकडून आणलेल्या कॉर्डलेसचीही अडचण असते. तिकडचे डेक्ट पद्धतीचे कॉर्डलेस १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतात, आणि आपल्याकडे नेमक्या त्याच पट्ट्यात मोबाईलचे टॉवर हँडसेटचा सिग्नल ऐकत असतात. तो कॉर्डलेस इथे लावला की आसपासच्या लोकांच्या मोबाईलमध्ये अडथळा येतो. तो लावूच नये. इथल्या बाजारात मिळणारा साधा कॉर्डलेस अडॅप्टरला खुशाल लावा.

अडॅप्टर लावल्यावर घरातली जुनी फोनची वायरिंग वापरून दोन-तीन खोल्यांत फोन चालवता येतात. पण त्याआधी खांबावरून येणारी जुनी तांब्याची जोडी घराच्या वायरिंगपासून पूर्ण तोडायची. नुसती सेवा बंद करून भागत नाही, तार स्क्रूमधून काढायची. त्या जोडीवर एक्स्चेंजचे ४८ व्होल्ट शिल्लक असले तर ते उलटे अडॅप्टरमध्ये शिरतात, रिंगच्या वेळी त्याहून जास्त, आणि अडॅप्टर जळतो. तार काढून मल्टिमीटरने भिंतीतल्या सॉकेटवर शून्य व्होल्ट आहेत हे बघा, मगच अडॅप्टरची वायर तिथे जोडा. फोनही फार लावू नका. रिंग वाजवायची ताकद मर्यादित असते. तीन-चार जुने घंटीवाले फोन एकत्र लावले तर एकही धड वाजत नाही.

अडॅप्टर बहुधा परदेशी सवयींवर लावून येतो. रिंग आपल्यासारखी करायची तर सेटिंगमध्ये ०.४ सेकंद वाजणं, ०.२ थांबणं, पुन्हा ०.४ वाजणं आणि २ सेकंद शांतता असं भरा, की ओळखीचं ट्रिंग-ट्रिंग येतं. घरातल्या वयस्कर माणसांना दुसऱ्याच लयीची घंटा आपली वाटत नाही, म्हणून हे दोन मिनिटांचं काम जरूर करावं. फोनच्या स्क्रीनवर येणारा नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडीची पद्धत एफएसकेवरून डीटीएमएफवर किंवा उलट करून बघा. आपल्याकडच्या बऱ्याच फोनच्या खोक्यावर या दोन्ही पद्धती लिहिलेल्या असतात. आवाजात प्रतिध्वनी येत असेल तर लाईनचा इम्पिडन्स ६०० ओहमवर आहे का ते तपासा.

आणि शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला फोन लावताना आधी ० दाबावा लागतो. म्हणजे नंबर अकरा आकडी होतो. अडॅप्टरच्या डायल प्लॅनमध्ये, म्हणजे किती आकडी नंबर लावायचा हे ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये, दहाच आकड्यांची मुभा असेल तर दहावा आकडा दाबताच तो अर्धवट नंबर पाठवून देतो आणि 'हा नंबर अस्तित्वात नाही' असं ऐकू येतं. नंबर दाबल्यावर चार-पाच सेकंद काहीच होत नसेल तर अडॅप्टर पुढच्या आकड्याची वाट बघत असतो. शेवटी # दाबलं की लगेच लागतो.

आयपी फोन कधी

दवाखाना, ऑफिस किंवा शोरूम असेल आणि दोन-चार टेबलांवर कॉल एकाकडून दुसऱ्याकडे द्यायचे असतील, तर आयपी फोन सोयीचा. साध्या वापराला रंगीत स्क्रीन, कॅमेरा असलं काही नको. दोन खाती, होल्ड आणि ट्रान्सफरची बटणं, स्पीकर, मागे दोन लॅन सॉकेटं आणि पीओई, एवढं पुरे.

पीओई म्हणजे लॅनच्या वायरीतूनच वीज. २००३ साली ठरलेल्या ८०२.३एएफ या मानकाप्रमाणे स्विच एका सॉकेटाला १५.४ वॉटपर्यंत वीज देतो. साधा आयपी फोन त्यातली थोडीच घेतो, त्यामुळे आठ सॉकेटांचा छोटा पीओई स्विच लहान ऑफिसला भरपूर होतो. खरा फायदा असा, की सगळ्या फोनचे पॉवर अडॅप्टर जाऊन एकच स्विच यूपीएसवर ठेवला की वीज गेल्यावरही फोन चालू राहतात. स्विचवर ८०२.३एएफ लिहिलेलंच हवं. 'पॅसिव्ह पीओई' लिहिलेलं स्वस्त यंत्र समोर काय जोडलंय याची खात्री न करताच वीज सोडतं.

पीओईला वायर अस्सल तांब्याची लागते. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर सर्रास मिळते, आणि वरून ती तांब्यासारखीच दिसते. दुकानातच एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतून चांदीसारखी पांढरी निघाली तर ती वायर परत करा. हाताला हलकी लागते, दोन-तीनदा वाकवली की तुटते. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. लांब ओढली की टोकाला व्होल्टेज कमी पडतं आणि फोन मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. लोक मग फोन बदलत बसतात. वायर तांब्याची असली तरी एका सलग तुकड्याची मर्यादा १०० मीटर.

फोनमागच्या दोन सॉकेटांपैकी एकात स्विचकडून येणारी वायर आणि दुसऱ्यात कॉम्प्युटर. साफसफाईत वायरी निघाल्यावर कुणीतरी दोन्ही स्विचलाच लावतं. नेटवर्कमध्ये वळसा तयार होतो, तीच पाकिटं गरगर फिरत राहतात आणि अख्ख्या ऑफिसचं इंटरनेट बसतं. म्हणून वायरीच्या टोकाला चिकटपट्टी लावून 'भिंत' आणि 'पीसी' असं लिहून ठेवा.

बाहेरचा नंबर नकोच, फक्त गेट ते ऑफिस किंवा दुकान ते गोदाम बोलायचं असेल, तर कुठलीही सेवा लागत नाही. एकाच नेटवर्कवरचे दोन आयपी फोन एकमेकांच्या आयपी पत्त्यावर थेट कॉल करू शकतात. राउटरमध्ये दोघांना कायमचे पत्ते द्या, समजा १९२.१६८.१.५१ आणि १९२.१६८.१.५२. मग फोनमध्ये 'डायरेक्ट आयपी कॉल' चालू करून समोरचा पत्ता एका बटणावर भरा. महिन्याचं बिल शून्य. फोन पाच-सहाच्या वर गेले की छोट्या कॉम्प्युटरवर ॲस्टेरिस्क हे मोफत सॉफ्टवेअर टाकून स्वतःचं इंटरकॉम एक्स्चेंज करता येतं, पण ते सांभाळायला जाणकार माणूस हवा.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत वाय-फायवरचा किंवा कॉर्डलेस फोन घ्यायचा मोह होतो. पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची रेंज झपाट्याने पडते. तिथे तारेचाच फोन, आणि घणाच्या आवाजात ऐकू जाईल अशी वेगळी मोठी घंटा. एफएक्सएसवर चालणारी घंटा त्याच सॉकेटात समांतर जोडता येते.

कॉल तुटतो, एकाच बाजूने आवाज येतो

आवाजाला फार वेग लागत नाही. जी.७११ या चांगल्या प्रतीच्या पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने सुमारे ८७ किलोबिट प्रति सेकंद लागतात, जी.७२९ मध्ये सुमारे ३१. ३० एमबीपीएसच्या कनेक्शनवर हे काहीच नाही. तरी आवाज तुटतो, कारण पाकिटं वेळेवर पोचत नाहीत. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, वर गेला की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलायला लागतात. दुकानात हमखास गुन्हेगार असतो तो सीसीटीव्ही. क्लाउडवर चित्रण चढवणारे चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएस घेत असतील, तर अपलोडमध्ये ८ एमबीपीएस तेच खातात आणि आवाजाची पाकिटं त्यांच्यामागे रांगेत उभी राहतात. कॅमेऱ्यांचं अपलोड कमी करा किंवा राउटरच्या क्यूओएसमध्ये, म्हणजे कुणाची पाकिटं आधी सोडायची त्या सेटिंगमध्ये, फोनला पहिला नंबर द्या.

तुमचा आवाज जातो पण समोरचा ऐकू येत नाही, किंवा उलट होतं, तेव्हा आधी राउटरमधलं 'सिप एएलजी' बंद करा. मदत म्हणून ठेवलेली ही सोय पाकिटांतले पत्ते बदलते आणि बऱ्याचदा चुकीचे बदलते. राउटरमध्ये ते बंद करता येत नसेल तर कंपनीला टीएलएस, म्हणजे पोर्ट ५०६१, देते का विचारा. मजकूर कुलूपबंद गेला की राउटरला त्यात हात घालता येत नाही.

फोन लावता येतो, पण चालू केल्यावर थोड्या वेळाने येणारे कॉल वाजत नाहीत, हे दुखणं वेगळं. शांतता दिसली की सर्व्हरकडून फोनकडे यायची वाट राउटर बंद करतो, कधी अर्ध्या मिनिटात, कधी काही मिनिटांत. फोनमधली 'कीप अलाइव्ह' ही सेटिंग २० ते ३० सेकंदांवर ठेवा, वाट उघडी राहते. बँकेच्या फोनवर "हिंदीसाठी दोन दाबा" म्हटल्यावर दाबलेलं कळत नसेल तर सेटिंगमध्ये डीटीएमएफची, म्हणजे दाबलेली बटणं पाठवायची, पद्धत आरएफसी २८३३ करा.

रात्री दोन वाजता १०० किंवा १००१ अशा नंबरवरून रिंग येते आणि उचलल्यावर कुणीच नसतं, तर ते इंटरनेटवर उघडी यंत्रं शोधत फिरणारे प्रोग्राम आहेत. तुमचं यंत्र बाहेरून दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. राउटरमध्ये त्या फोनसाठी पोर्ट उघडले असतील तर बंद करा. सेटिंगमध्ये 'फक्त सिप सर्व्हरकडूनच कॉल घ्या' हा पर्याय चालू करा आणि ॲडमिनचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला. परदेशी कॉलची गरज नसेल तर कंपनीला सांगून बंदच करून ठेवा. चोरलेल्या खात्यावरून सगळ्यात आधी तेच कॉल होतात.

वीज, वळीव आणि कायदा

जुना फोन वीज गेली तरी चालायचा, कारण वीज एक्स्चेंजची होती. फायबरच्या काचेतून वीज येत नाही. लाईट गेली की डबा बंद, फोन बंद. पावसाळ्यात तासन्‌तास वीज जाणाऱ्या भागात मिनी यूपीएस फोनइतकाच गरजेचा आहे. हिशेब सोपा आहे. आत २००० एमएएचचे तीन सेल असतील तर ३ × ३.७ × २ म्हणजे सुमारे २२ वॉट-तास. त्यातले १८ हाताला लागतात. डबा आणि अडॅप्टर मिळून १० वॉट घेत असतील तर पावणेदोन तास. फायबरचा डबा बहुधा १२ व्होल्टचा आणि आयपी फोन बहुधा ५ व्होल्टचा असतो. पिना मात्र कधी कधी एकसारख्या असतात. अदलाबदल झाली की फोन गेला. पॉवर अडॅप्टरवर मार्करने मोठ्या अक्षरात व्होल्ट लिहा.

एप्रिल-मेच्या वळवात घरापासून शेडपर्यंत उघड्यावरून ओढलेली लॅनची वायर धोक्याची. जवळपास वीज पडली तरी वायरीत दाब चढतो आणि दोन्ही टोकांची यंत्रं जातात. बाहेरून जाणारा टप्पा फायबरचा करा किंवा बिनतारी जोडा.

कायद्याचं थोडक्यात. भारतातून इंटरनेटवरून परदेशातल्या फोनवर बोलायची मुभा २००२ पासून आहे. देशातल्या लँडलाईन आणि मोबाईलशी कॉल जोडायचं काम मात्र परवाना असलेल्या कंपनीचंच, आणि इंटरनेटवरच्या अशा सेवेची वाट दूरसंचार विभागाने २०१८ साली मोकळी केली. बरीच सिमकार्डं घालून परदेशी कॉल स्थानिक म्हणून उतरवणारी पेटी घरी ठेवा, महिन्याला पैसे देतो, असं कुणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. तो गुन्हा आहे आणि पोलीस ज्याच्या जागेत पेटी सापडते त्याच्याच दारात येतात.

तातडीच्या वेळी ११२ मोबाईलवरूनच लावा. इंटरनेट फोनवरून तुमचं नेमकं ठिकाण पलीकडे कळेल याचा भरवसा नाही, आणि वीज गेलेली असेल तर फोन लागणारच नाही.

यंत्र घेताना पक्कं बिल, वॉरंटी आणि पॉवर अडॅप्टरवर बीआयएसची खूण बघून घ्या. परत करायची मुदत संपायच्या आत एकदा रात्री आठ ते दहाच्या दरम्यान, घरात टीव्ही आणि मोबाईल सगळं चालू असताना, अर्ध्या तासाचा एक सलग कॉल करा. लगेच दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरवर रिंग द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही हात न लावता, पुन्हा एकदा द्या.